मखमलीच्या मागचा बाण

दि. ९ मार्च, रविवार

ती. दादास धाकट्याचा नमस्कार.

आधी खुशाली, मग काम, असं गावच्या शाळेत गुरुजींनी शिकवलं होतं, म्हणून तसंच लिहितो. आई बरी आहे. गुडघे धरून जिना उतरते, पण उतरते. घरात सगळे ठीक. माझी पाठ दुखते. सीटा शिवणाऱ्याची पाठ दुखायचीच. नाही दुखली तर लोक म्हणतील हा काम करत नाही. वहिनींना नमस्कार सांग.

बाबा गेले तेव्हा तू आलास आणि घोटभर पाणीही न घेता परत गेलास. त्याला सात वर्षं झाली. त्यानंतरचं हे माझं पहिलंच पत्र, तेव्हा तू म्हणशील, गरज पडली म्हणून आठवण झाली. खरं आहे. गरज पडली आहे.

कप्तानांची गाडी परत आली आहे.

तीच, जुनी, लांब नाकाची. जहाजावरून निवृत्त झाल्यापासून तिच्यावर त्यांचा जीव आहे, तुला माहीतच आहे. आता तिचा सगळा सांगाडा नव्याने केला. इंजिन झालं, पत्रा झाला, बाहेरून दुधाच्या साईच्या रंगाची झाली. आतलं काम त्यांनी आपल्याच दुकानात आणलं. मी म्हटलं, दुसरीकडे मोठी दुकानं आहेत. तर म्हणाले, "मोठ्या दुकानात कॅटलॉग मिळतो. मला माणूस पाहिजे."

त्यात एक अडचण आहे. कप्तानांची नजर गेली आहे. उजेड आणि सावली एवढं कळतं. गाडी त्यांची लेक चालवते, ते शेजारी बसतात. पण रंग त्यांनाच निवडायचा आहे. लेक म्हणाली, "बाबा, तुम्हाला दिसणार नाही, मी निवडते." तर म्हणाले, "बसणार कोण आहे? मी. मग तू गप्प बस."

मी सगळे नमुने त्यांच्या मांडीवर ठेवले. ते एकेक हातात घेतात, वास घेतात आणि विचारतात, "हा कसा आहे?" मी म्हणतो, हिरवा. ते म्हणतात, "हिरवा तर सिग्नलही असतो. तुझा भाऊ सांगायचा तसं सांग." मागच्या वेळच्या हिरव्याला तू म्हणाला होतास, भर दुपारी विहिरीत ऊन उतरतं, तेव्हा आतल्या भिंतीवर दिसतं ते शेवाळ. त्यांनी ते शब्द जसेच्या तसे म्हणून दाखवले. मला असं काही येत नाही. माझ्या हातात शिवण आहे, डोळ्यांत रंग नाही. तो तुझ्याकडे.

म्हणून आठ तुकडे पाठवतो. तीन चामड्याचे, पाच मखमलीचे. छताला साईच्याच रंगाचं लोकरी कापड आणि खाली गडद तपकिरी गालिचा, एवढं त्यांनी पक्कं केलं आहे. राहिल्या सीटा आणि दारं. माझं म्हणशील तर चामडं बरं. टिकतं, पुसता येतं, आणि चामड्याला मखमलीसारखी एका बाजूला झुकणारी लव नसते, म्हणजे पुढची भानगड नाही. पण कप्तानांचा हात सारखा मखमलीवर जातो. वरून खाली फिरवतात, मग खालून वर. वर जाताना अडला की हसतात. तू दोन ओळी लिहिल्यास की चामडंच चांगलं, तर ते ऐकतील. तुझं ऐकतात.

जुन्या सीटा मी स्वतः उसवल्या. कारागिरांना हात लावू दिला नाही. आत काथ्या, गोणपाट, एक नाणं आणि बाईमाणसाची केसांची पिन. बाकी काही नाही.

त्या वेळचं जे झालं ते झालं. चूक कोणाची का असेना, बाबांनी तेवढं बोलायला नको होतं, असं मला नेहमी वाटतं. देवाच्या मनात होतं तसं झालं.

तुझी कातर मी दर महिन्याला तेल देऊन ठेवतो.

तुझा धाकटा भाऊ


दि. ३० मार्च, रविवार

दादा,

तुझं पाकीट मिळालं. पत्र नव्हतं. विटकरी मखमलीचा तुकडा होता आणि चिठ्ठीवर एक ओळ: "कप्तानांना सांग, पाऊस थांबल्यावर पडक्या भिंतीतली वीट दिसते तसा." माझ्यासाठी काही नव्हतं. मग तुकडा उलटा केला. मागे खडूने बाण काढला होता. लवेची दिशा दाखवणारा तुझा नेहमीचा, शेपटीला दोन रेघा असलेला. टोक खाली.

मी मशीनवर बसलो होतो. उठून मोरीत गेलो आणि नळ सोडून उभा राहिलो. बायकोला वाटलं पित्त झालं.

आता खुशालीचं राहू दे.

मागच्या पत्रात "बाकी काही नाही" असं लिहिलं, ते खोटं. शेजारच्या सीटची पाठ उसवली तेव्हा कापडाच्या मागे तुझा बाण होता. पुसट झाला होता, पण होता. आणि त्याचं टोक वर होतं. बाण तू बरोबरच काढला होतास. कापड मी उलटं शिवलं.

हे मला सीट उसवल्यावर कळलं, असं लिहायचा मोह झाला होता. तेही खोटंच ठरलं असतं. मला अकरा वर्षं ठाऊक आहे.

त्या दिवशी तू वहिनींना घेऊन दवाखान्यात गेला होतास. सगळे तुकडे कापून, मागे बाण काढून, गठ्ठा माझ्या हातात देऊन गेलास. जाताना म्हणालास, "टोक खाली, विसरू नकोस." मी म्हटलं, "मी काय काल आलोय दुकानात?" गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी द्यायची होती. मी ती पाठ शिवली, कडेची दोरी बसवली, उलटून पाहिलं तर बाण वर. उसवली असती तर सुईची भोकं राहिली असती, मखमल भोकं विसरत नाही. दुसरा तुकडा नव्हता. मागवायचा तर आठवडा गेला असता. ट्यूबलाइटखाली पाहिलं. काही फरक दिसला नाही. दिसला नाही असं मी ठरवलं, म्हणू या. चढवली सीटवर.

सकाळी गाडी उन्हात आली आणि एक सीट हिरवी, उलट्या लवेची जवळजवळ काळी. कप्तान ओरडले. बाबा तुझ्याकडे वळले, कारण खुणा करणं आणि कापणं तुझं काम. "खडू धरायची लायकी नाही तुझी," असं चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाले. तू फक्त म्हणालास, "उसवून बघू या." बाबा म्हणाले, "आणखी शोभा नको." मग तू माझ्याकडे पाहिलंस.

मी खाली बसून जमिनीवरचे दोरे वेचत होतो. दोरे नव्हते दादा. झाडून झालं होतं.

पंधरा दिवसांनी तू घर सोडलंस. मी रोज सकाळी प्रार्थनेला बसतो, कधी चुकवली नाही. सगळ्यांसाठी मागतो. तुझं नाव आलं की घाईने पुढे जातो, मशीन जाड शिवणीवरून उडी मारतं तसं. देवाला काय, त्याने बाण पाहिलाच होता. बाबा असताना सांगायचं रोज उद्यावर टाकलं. मग बाबा गेले. तुला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं. बाबांना तेवढं ठाऊक नव्हतं. ते तुझ्यावर रागावूनच गेले, आणि आता ते कोणाला उसवता येणार नाही.

कप्तानांना तुझी ओळ सांगितली. त्यांनी तुकड्यावरून वरून खाली हात फिरवला. "वीट," म्हणाले, "ठीक. हाच." मग मी सांगितलं की मागच्या वेळची चूक माझी होती, भावाची नव्हती. मला वाटलं ओरडतील. ते म्हणाले, "आठ वर्षं माझी बायको त्या सीटवर बसली. तिला तीच आवडायची, म्हणायची माझ्या बाजूला सावली आहे." मला जरा हलकं वाटलं. ते त्यांना आवाजावरून कळलं असावं, कारण लगेच म्हणाले, "खूश होऊ नकोस. तो तिचा चांगुलपणा, तुझा नव्हे. आणि मला काय सांगतोस? मी गिऱ्हाईक. ज्याला सांगायचं त्याला सांग."

म्हणून काल आईला सांगितलं.

ती वाटाणे सोलत होती. आजवर ती म्हणत आली, थोरल्याचं चुकलं, पण एवढ्याशा चुकीला केवढी शिक्षा. मी ते ऐकत आलो. काल सगळं सांगून झालं तरी तिचे हात थांबले नाहीत. शेवटची शेंग संपल्यावर म्हणाली, "आणि तू जेवत कसा होतास रे?"

जेवत होतो.

मग म्हणाली, "ते कापड कुठाय?" मी आणून दिलं. तिने उलटं केलं, चष्मा लावला, बाणावरून बोट फिरवलं नाही, पुसला जाईल म्हणून. मी म्हटलं, हे पत्राबरोबर पोस्टाने दादाला पाठवतो. तर म्हणाली, "पोस्टाने नको. मी नेते." मी म्हटलं, गुडघे? म्हणाली, "गुडघे माझे आहेत. तू बसमध्ये बसवून दे. आणि तू येऊ नकोस. त्याने बोलावलं तर ये."

उद्या सकाळच्या बसला तिला बसवतो. तिच्या पिशवीत दोन लुगडी, गुडघ्याचं तेल आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली ती हिरवी पाठ. कडेला माझी शिवण तशीच ठेवली आहे, म्हणजे कोणी काय केलं ते दिसेल. हे पत्र तिच्याच हातात देतो.

माफ कर असं लिहून पाहिलं, दोनदा. उसन्या कपड्यासारखं वाटलं, खोडलं. तुला जेव्हा जे वाटेल ते वाटू दे. नाही वाटलं तरी चालेल. विटकरी मखमल मीच कापीन. बाण तुझ्यासारखा दोन रेघांचा काढीन, आणि शिवण्याआधी कप्तानांना प्रत्येक तुकड्यावरून हात फिरवायला सांगीन.

हे वाचशील तेव्हा आई तुझ्या दारात असेल. तिला आधी पाणी दे. तू मागच्या वेळी घेतलं नाहीस, त्याची तिला अजून तहान आहे.

तुझा बाण उलटा शिवणारा,
धाकटा