साडूला रँच मिळू नये म्हणून

३ मार्च, सोमवार
आजपासून रोजनिशी. कारणही तसंच आहे. ऑफिसात एक ऐतिहासिक रँच विकायला आली. रँच म्हणजे घोड्यांचं भलंमोठं कुरण, दगडी तबेला आणि मधोमध दीडशे वर्षांचं घर. मालकीणबाई आता मुलीकडे राहतात. साहेबांनी किल्ल्या माझ्याच हातात दिल्या. आमच्या एजन्सीत जुन्या वास्तूंची जाण फक्त मला आहे. बाकीचे सगळे रजेवर होते, तो भाग वेगळा.

४ मार्च
रँच पाहून आलो. गाडीने दोन तास. व्हरांड्यात उभा राहिलो आणि छातीत काहीतरी झालं. पित्त नव्हतं. समोर नुसतं गवत आणि वारा, आणि तबेल्याच्या दारावर घोड्यांनी चावून चावून गुळगुळीत केलेली चौकट. हे घर माझं आहे. फक्त कागदोपत्री व्हायचं बाकी आहे.
संकल्प: दोन वर्षांत बढती, मग लोन, मग रँच. तोपर्यंत ती दुसऱ्या कोणी घेता कामा नये.

९ मार्च, रविवार
साडूकडे जेवण. साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. टाइल्सचा धंदा. नवा सोफा. दातही नवे असावेत. जेवताना म्हणाला, त्या रँचची जाहिरात पाहिली, अशा ठिकाणी आयुष्य काढावं. बायकोचे डोळे चमकले. पंधरा वर्षांच्या संसारात ही चमक मी पाहिलेली नाही. मी स्वतः नळ दुरुस्त केला होता तेव्हासुद्धा नाही.
साडूला सांगितलं, जवळजवळ गेलीच ती. हे खोटं नाही. 'जवळजवळ' हा फार ऐसपैस शब्द आहे.
मी जळत नाही. माणूस जरा मोठ्याने हसतो, एवढंच माझं निरीक्षण.

१२ मार्च
साडूचा फोन. उचलला नाही. नवीन काहीतरी घेतलं असणार.

१६ मार्च, रविवार
पहिलं गिऱ्हाईक. डॉक्टर नवरा-बायको. आमच्या धंद्यात घर दाखवण्याआधी तासभर लवकर जायचं असतं. खिडक्या उघडायच्या, दिवे लावायचे, टेबलावर फुलं ठेवायची. मी तासभर लवकर गेलो आणि उघड्या होत्या त्या खिडक्या लावून घेतल्या. दीडशे वर्षांचा कोंदट वास असा आला की डॉक्टरीणबाईंनी रुमाल काढला तो परत ठेवलाच नाही. शिवाय त्यांना खाणीकडच्या रस्त्याने नेलं होतं. तो रस्ता लांबचा आहे, पण खड्डे प्रामाणिक आहेत.
त्यांनी घेतली नाही. वाईट वाटलं. फार नाही.

२३ मार्च, रविवार
एक निवृत्त कर्नल. वासाला दाद देईना, तबेल्यातल्या वाघळांना दाद देईना. शेवटी म्हणालो, कुरणातून रेल्वे जाणार असं म्हणतात. लोक म्हणत नसतील तर तो लोकांचा दोष. कर्नल तडक परत.

२५ मार्च
साडूचे तीन मिस्ड कॉल. बायकोने विचारलं, कोणाचा फोन वाजतोय. राँग नंबर, म्हणालो. ती म्हणाली, राँग नंबरचं नाव दिसतं का स्क्रीनवर? हल्ली दिसतं, म्हणालो. ती बराच वेळ माझ्याकडे बघत होती. बहुधा माझी तब्येत सुधारली आहे.

३० मार्च, रविवार
आज फार त्रास झाला. नवीन लग्न झालेलं एक जोडपं आलं. त्यांना सगळंच आवडत होतं. कोंदट वासाला ती मुलगी म्हणाली, किती छान, जुन्या घराचा वास. माझ्या व्हरांड्यात दोघं हातात हात घालून उभी राहिली. माझ्या चौकटीवरून तिने बोटं फिरवली. मी सरळ सांगून टाकलं, पाया खचतोय. मुलगी रडवेली झाली. परतीच्या वाटेवर तिचा नवरा तिला समजावत होता.
हे मी घराच्या भल्यासाठी केलं. त्यांना ते झेपलं नसतं.

७ एप्रिल, सोमवार
आनंदाची बातमी. मालकीणबाईंनी किंमत उतरवली, तीही चांगलीच. साहेब चिंतेत. मी मनातल्या मनात नाचतोय. मी पुढे सरकायच्या आधी रँचच माझ्याकडे सरकतेय. आणखी दोन-चार गिऱ्हाइकं पळवून लावली की आवाक्यात.
दुपारी साडूची गाडी ऑफिसखाली दिसली. मागच्या जिन्याने बाहेर पडलो. घाबरलो नाही. पाय मोकळे करायचे होते.
संकल्प: बायकोला सरप्राइज द्यायचं. थेट व्हरांड्यात नेऊन उभी करायची. मग बघू कोणाचे डोळे कोणासाठी चमकतात.

१६ एप्रिल, बुधवार
रँच विकली गेली. साडूने घेतली.
एकट्याने नाही. एकट्याच्या आवाक्यात ती नव्हतीच, उतरलेल्या किमतीतही नव्हती. अर्धी त्याची, अर्धी आमच्या साहेबांची. साहेबांनी केबिनमध्ये बोलावून पेढ्यासारखी बातमी दिली.
"अहो, तुमचे साडू आधी तुम्हालाच अर्धी देणार होते. तुम्ही फोनच उचलेनात, म्हणून बिचारे ऑफिसात आले. तुम्ही तिथेही नव्हतात. मग म्हटलं, मी घेतो."
अभिनंदन केलं. हात जरा थंड होता, असं साहेब म्हणाले.
साडू किती कपटी आहे पहा. फोनवर एका शब्दाने सांगितलं नाही.

२० एप्रिल, रविवार
रँचवर जेवण. आम्ही पाहुणे. सगळ्या खिडक्या उघड्या होत्या. घर इतकं सुंदर दिसत होतं की मी पाणी प्यायला म्हणून तबेल्यात जाऊन उभा राहिलो. साहेब व्हरांड्यात आरामखुर्ची टाकून बसले होते. साडू सगळ्यांना पुन्हा पुन्हा विचारत होता, इतकं चांगलं घर इतके दिवस पडून कसं राहिलं. बायको माझ्याकडे बघत होती. तब्येतीसाठी नव्हे.
परत येताना निम्म्या रस्त्यात तिने गाडीची काच खाली केली. मग म्हणाली, "ताईला मीच सुचवलं होतं. म्हटलं, आपण दोघी मिळून घेऊ. तुम्ही पहिल्या दिवशी ते घर बघून आलात ना, तेव्हा जेवताना किती बोलत होतात. मला वाटलं, तुम्हाला तिथे राहायला आवडेल."
पुढे खड्डा होता, तो चुकवला. मला ते घर हवं होतं. हे वाक्य तोंडाशी आलं होतं. त्याऐवजी विचारलं, मग मला सरळ का नाही सांगितलंस?
"कसं सांगणार? भाऊजींचं नाव काढलं की तुम्ही उठून आंघोळीला जाता."
हे साफ खोटं आहे. तसं मी तिला बजावून सांगितलं.
घरी पोचलो. तिने ताईला फोन लावला आणि पलीकडून भाऊजींचं हसू ऐकू आलं. मी टॉवेल घेतला.