पगाराचा पुडा

इंदूर,
५ नोव्हेंबर २०२५

प्रिय प्रीतीताई,

सप्रेम जय भीम. तुझी आणि दाजींची तब्येत बरी असेल. भुसावळला थंडी सुरू झाली का? इथे सकाळी गाडी काढताना बोटं आखडतात. मिताली शाळेत चित्रकलेत पहिली आली. आईला आता उशीला टेकून अर्धा तास बसता येतं. उजवा हात अजून उठत नाही, आणि बोलण्याचं तर तू पाहिलंसच.

फोन असताना पत्र कशाला, म्हणशील. फोनवर तू बोलतेस आणि मी हूं हूं करतो, हे लहानपणापासून ठरलेलं आहे. शिवाय फोन मध्येच ठेवता येतो. रविवारी तू आईला न्यायला येणार, त्याआधी हे तुझ्या हाती पडावं म्हणून कुरियरने पाठवतोय. शेवटपर्यंत वाच.

ऑक्टोबरमध्ये दवाखान्याच्या व्हरांड्यात तू अस्मिताला म्हणालीस, "सासूला चीज खाऊ घालून घालून खाटेला खिळवलंस." घरी तू पिझ्झ्याची खोकी पाहिली होतीस, मितालीने चित्रं काढायला पलंगाखाली जपून ठेवलेली. अस्मिता शाळेत शिकवून दमते, स्वयंपाकाचा कंटाळा करते, बाहेरून मागवते, असा तू अंदाज बांधलास. ती काही बोलली नाही. मी तिथेच उभा होतो, मीही बोललो नाही. ते पिझ्झे तिने मागवले नव्हते, ताई. दर एक तारखेला मी आणत होतो.

बाबांचा पगाराचा पुडा तू विसरली नसशील. महूच्या छावणीतून ते एक तारखेला कचोऱ्यांचा पुडा घेऊन यायचे. पगार झाला असं कधी तोंडाने म्हणाले नाहीत, आणि आईनेही कधी विचारलं नाही. पुडा तिच्यापुढे ठेवायचा, तिने पहिला घास बाबांना द्यायचा, मग आपण तुटून पडायचं. मी कमावता झालो तसं हे माझ्याकडे आलं. चौदा वर्षं मी माणशी दोन कचोऱ्या आणल्या, त्याहून जास्त नाही. अंथरूण पाहून पाय पसरावे, हे आईने इतक्यांदा ऐकवलं होतं की जास्त आणायची हिंमतच नव्हती.

आता खरं लिहितो. मे महिन्यात माझी नोकरी गेली. तुकोगंजचा तो डोळ्यांचा दवाखाना मालकाने विकला आणि नव्या लोकांनी बिलाच्या खिडकीवर आपली माणसं बसवली. मी घरी सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, तशी मी मूठ झाकून ठेवली. जूनपासून मी घरोघर खाण्याच्या ऑर्डरी पोचवतो. सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून निघतो, मित्राच्या, नीरजच्या, पंक्चरच्या दुकानात कंपनीचा टी-शर्ट चढवतो, संध्याकाळी पुन्हा शर्ट. मिळकत आधीच्या निम्मी.

या कामात कोणाच्या घरी पगार झाला ते बरोबर कळतं. पहिल्या आठवड्यात लहान गल्ल्यांतून ऑर्डरी येतात. पोरं आधीच दारात उभी असतात आणि बाप खोकं स्वतःच्या हाताने घेतो. पंधरा तारखेनंतर त्या गल्ल्या गप्प. मग उरतात बंगले. तिथे खोकं नोकर घेतो, आणि कालचं अर्धं उष्टं फाटकाजवळच्या डब्यात पडलेलं असतं. मला वाटायचं, हात आखडला की माणसाची जीभही आखडते. माझं उलटंच झालं. पगार होता तेव्हा कचोरीवर भागलं, पगार गेला आणि पिझ्झा सुरू झाला. एक जुलैला कचोरीच्या दुकानासमोर उभा असताना मला वाटलं, एवढ्याशा पुड्याने आईला शंका येईल. मनात चोर होता ना! मोठं खोकं घेतलं, वर थंड्याची बाटली. आई इंदुरी झोकात म्हणाली, "क्या बात है भिया, बढती झाली का?" मी हसलो. दुसऱ्या दिवशी ती शेजारच्या लीलाकाकूंना सांगून आली की पोराचा पगार वाढला. त्यानंतर मला मागे फिरता आलं नाही.

इथपर्यंत लिहून मी दोनदा उठलो.

आईची रक्त पातळ ठेवायची गोळी महाग आहे, तुला माहीत आहे. घरभाडं आणि मितालीची फी अस्मिताच्या पगारातून जाते, औषधं माझ्याकडे. ऑगस्टमध्ये गोळ्या आणि पिझ्झा, दोन्ही जमेनात. मी मेडिकलवरून पुढे गेलो आणि पिझ्झा घेतला. आईने औषधांचा डबा उघडला आणि विचारलं, "ती गुलाबीवाली नाही आणली?"

मी म्हणालो, "डॉक्टरसाहेबांनी बंद केली. आता जरूरत नाही म्हणाले."

"म्हणजे मी एकदम ठीक झाले ना?"

मी हो म्हणालो. ती इतकी खूश झाली की विहारात जाऊन खीर वाटून आली.

पुढच्या महिन्यात आणू, पुढच्या महिन्यात आणू, असं करत ऑक्टोबर आला. बारा तारखेला सकाळी तिच्या हातातून कप पडला आणि ती अर्धांगाने आडवी झाली. गोळी चुकली होती का, असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा मी म्हणालो, विसरत असेल, वय झालं. तुलाही तेच सांगितलं. जिने जन्मात कधी औषध चुकवलं नाही तिच्यावर मी ते ढकललं, कारण तिला आता बोलता येत नाही. माझी मलाच किळस येते, ताई.

परवा अस्मिताला सगळं सांगितलं. तिने भांडावं असं मला वाटत होतं. तिने एवढंच विचारलं, "ताई मला बोलत होत्या, तेव्हा तुम्हाला हे माहीत होतं?" मी हो म्हणालो. तेव्हापासून ती कामापुरतं बोलते.

काल दुपारी आईजवळ बसलो. तिला सगळं समजतं, असं डॉक्टर म्हणाले आहेत. नोकरी गेल्याचं सांगितलं, तेव्हा तिने डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला. मग गोळीचं सांगितलं. तिने हात काढून घेतला.

संध्याकाळची गोळी घेऊन गेलो तर तिने ओठ मिटून घेतले. मी विनवलं, रडलो, पण तिने तोंड उघडलं नाही. शेवटी अस्मिता आली. तिने माझ्या हातातून तीच गोळी घेतली, तेव्हा आईने तोंड उघडलं. आज सकाळीही तसंच झालं.

रविवारी तिला खुशाल घेऊन जा, मी अडवणार नाही. पण घरात आल्यावर आधी अस्मिताशी बोल. आणि निघताना आईच्या गोळ्या तिच्याकडून समजून घे. मला विचारू नकोस. मी सांगितलेलं आईसमोर आता चालायचं नाही.

मितालीकडून आत्याला जय भीम.

तू अजून मानत असशील तर,
तुझा भाऊ
पंचशील