जीप काकीशिवाय चालू होत नाही, त्याबाबत

सड्याखालचं आपलं घर,
ता. देवगड, एप्रिल अखेर

ती. देवेशदादा यांच्या चरणी सुशांतचा नमस्कार. वहिनींनाही नमस्कार, आणि चि. इशिताला दोन पापे (ती आता नववीत असल्यामुळे पापे नको असतील तर आशीर्वाद समजून घ्यावेत). इकडे सर्व खुशाल. उकाडा मनस्वी आहे, विहिरीचं पाणी तळाला गेलंय आणि माकडांनी यंदा आपल्या घरच्यांपेक्षा आधी आंबा चाखला. तुमच्या गुडघ्याचं काय झालं? जिने चढू नका म्हणणाऱ्या डॉक्टरांचा दवाखाना दुसऱ्या मजल्यावर आहे असं वहिनी म्हणाल्या, ते खरं असेल तर डॉक्टर बदलावा ही नम्र सूचना. (इथवर मोठ्या भावाचा मान राखून 'तुम्ही' लिहिलं. आता मुद्द्यावर येतो, तेव्हा तू.)

फोन हाताशी असताना पत्र कशाला, असं तुला वाटेल. आपल्या घरात फोनला रेंज येते ती फक्त ओट्याच्या उजव्या कोपऱ्यात, आणि त्या कोपऱ्यात संध्याकाळी तुझी आई, म्हणजे माझी काकी, बसलेली असते. मेसेज करावा तर अनुजा माझा फोन उघडून सगळे मेसेज काकीला वाचून दाखवते (नवऱ्याचं काही खाजगी असू शकतं हे तिला लग्नानंतर इतक्या वर्षांतही पटलेलं नाही). आणि मला लिहायचंय ते काकीच्या कानावर जाता कामा नये. म्हणून शाळेत पेपर तपासण्याच्या निमित्ताने बसून हे लिहितोय. नववीचा विज्ञानाचा गठ्ठा शेजारी तसाच पडलाय.

तुझा मेसेज मिळाला. मे महिन्यात तू येणार, काकीला कायमची पुण्याला नेणार आणि काकांची जीप भंगारात देऊन टाकणार. 'आई तिथे नुसती ओट्यावर बसून असते' असं तू लिहिलंस, ते मागच्या वर्षापर्यंत अगदी खरं होतं. काका गेल्यापासून काकी ओट्याखाली उतरली नव्हती. जेवायची तीसुद्धा आम्हाला वाईट वाटू नये म्हणून. आणि जीप मांगराच्या छपरात ताडपत्रीखाली उभी होती. दोघींचीही चौकशी कुणी करत नव्हतं, हे मला आता लिहिताना लक्षात येतंय.

यंदा मी ठरवलं की सड्यावरच्या, कातळावरच्या आपल्या बागेतला आंबा गड्यांच्या डोक्यावरून उतरवायचा नाही. पिकअप चिऱ्यांच्या त्या चढणीला अर्ध्यातच मान टाकते, तेव्हा जीपच हवी. निजामला बोलावलं (तुझ्या वर्गातला, आता बंदरावर त्याचं गॅरेज आहे). त्याने डिझेलची टाकी धुतली, नवी बॅटरी घातली, आणि जीप पहिल्याच चावीला गुरगुरली. अनुजाने औक्षण केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चावी फिरवली तर 'किट्' एवढाच आवाज. पुन्हा किट्. दिवे लागतात, हॉर्न कोंबड्यांना पळवून लावतो, पण सेल्फ काही उचलत नाही. दुपारी सहज चावी फिरवली तर चालू. संध्याकाळी बंद. बंद पडायची म्हणून कायमची पडली असती तर मी तिचा नाद सोडला असता. पण ही अधूनमधून चालू होत होती आणि माझी आशा मरू देत नव्हती.

तू फोनवरून जे जे सांगितलंस ते ते मी केलं. बॅटरीचं टर्मिनल हलवून बघ म्हणालास, हलवलं, गच्च होतं. (बॅटरी बॉनेटखाली नाही हे तू विसरला होतास. उष्णतेने बॅटऱ्या मरतात असं कुणीसं सांगितल्यावर काकांनी डाव्या बाजूला, चढायच्या पायरीच्या जागी, पत्र्याची पेटी ठोकून तिच्यात बॅटरी ठेवली होती, ती तिथेच आहे.) अर्थिंगची तार घासून चकचकीत केली. सेल्फ उतरवून निजामकडे नेला, त्याने टेबलावर फिरवून दाखवला, छान फिरला. जीपला बसवला, किट्. निजामने बल्ब लावून सगळी वायरिंग तपासली, बल्ब जिथे तिथे झकास पेटला. कारणाशिवाय कार्य होत नाही असं मी गेली कित्येक वर्षं पोरांना शिकवतोय, आणि माझ्याच अंगणात हे चाललेलं. मी हट्टाला पेटलो, दादा. शोधून काढल्याशिवाय राहणार नाही असं अनुजासमोर बोलूनही बसलो.

अशात एके दिवशी काकीला डोळे तपासायला देवगडला न्यायचं होतं. रिक्षा आली नाही. मी आणि निजाम जीपशी झटत होतो, तर काकी ओट्यावरून म्हणाली, "मेल्यांनू, गाडी चालू करतास काय तिका झोपयतास?" आणि काका गेल्यानंतर पहिल्यांदा ओटा उतरून जीपपाशी आली. तिची उंची तुला ठाऊक आहे. पायरीवर दोन्ही पाय ठेवून उभी राहिली, दांडा धरला, देवीचं नाव घेतलं आणि पुढच्या सीटवर जाऊन बसली. मी उगाच चावी फिरवली. जीप चालू! निजामने कानाला हात लावला. मी योगायोग म्हणालो.

पण मग हा योगायोग रोज होऊ लागला. काकी बसली की चालू, काकी नसली की किट्. गॅरेजपर्यंत न्यायची तर आधी चालू व्हायला हवी, म्हणजे काकीला बसवायला हवं, आणि काकीसकट नेली की निजामच्या दारात ती शंभर वेळा चालू होणार. शेवटी निजाम म्हणाला, "सर, गाडी बरी आसा. तुमचाच कायतरी बघूक होया." तेव्हा मी घरच्या घरी प्रयोग सुरू केले. काकीच्या वजनाचं भाताचं पोतं सीटवर ठेवलं, किट्. अनुजाला बसवलं (ती पायरी न वापरता टुणकन उडी मारून बसते, तिला अजून ते जमतं), किट्. एकदा तर काकीचा फोटो सीटवर ठेवून पाहिला. तेवढ्यात अनुजा आली, आणि जिवंत माणसाचा फोटो असा मांडतात का म्हणून तिने जे ऐकवलं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

काकीची मात्र चंगळ झाली. जीप सड्यावर न्यायची म्हणजे काकी हवी, आणि खाली आणायची म्हणजे ती तिथे थांबायला हवी. मग ती रोज बागेत. काकांनी लावलेलं प्रत्येक कलम तिला पाठ आहे, हे आम्हाला माहीतच नव्हतं. लग्न होऊन आली तेव्हा या झाडांना तिनेच डोक्यावरून पाणी घातलं होतं म्हणे. पण काकांच्या जीपमध्ये कधी आंबे, कधी गडी, कधी खत. पुढच्या सीटवर ती आयुष्यात बसली नव्हती, दादा. आता ती सावलीत बसून पेट्या भरून घेते, डागी आंबा एका नजरेत बाजूला काढते आणि गड्यांना नावानिशी दम देते. परतताना मासळीबाजार. तिथल्या बायका तिला पाहून भाव आधीच उतरवतात. मधे बांद्याला सुशीलामावशीकडे जाऊन आलो. दोघी बहिणी कित्येक वर्षांनी भेटल्या आणि पहिल्या अर्ध्या तासात भांडल्याही, इतकी तिची तब्येत सुधारली आहे.

तिचा हातगुण आता गावभर झालाय. कुणाचा पंप बंद पडला की काकीक धाडा. निजामच्या चुलत्याची लाँच बंदरात अडून बसली होती, तिथूनही काकीला बोलावणं आलं, आणि ती जीपनेच गेली (जीप चालू करायलाही तीच हवी होती). काकीने लाँचच्या कडेला हात लावला आणि इंजिन लागलं. निजामने आदल्या दिवशी त्यात नवा पंप बसवला होता ही गोष्ट कुणी लक्षात घेतली नाही. काकी म्हणते, "माका काय कळता तेतूरला?" आणि पदर सावरून हसते.

आणि मग परवाचं. काकीला चढताना त्रास होतो म्हणून अनुजाने कौतुकाने एक लाकडी स्टूल आणलं. काकी 'नको गो, नको' म्हणत होती, पण आम्ही तिला स्टुलावरून उचलून थेट सीटवर बसवलं. चावी फिरवली. किट्. पुन्हा किट्. वर सड्यावर आंबा काढून ठेवलेला, गडी खोळंबलेले. काकीचा चेहरा एवढासा झाला. ती उतरली, ओट्यावर आपल्या कोपऱ्यात जाऊन बसली आणि म्हणाली, "देवेशाक सांग, मी येतंय पुण्याक. हंय आता माझा काय काम आसा?" आंबा डोक्यावरून उतरवला. रात्री ती जेवली नाही.

तेव्हा दादा, कळवायचं एवढंच की मी हरलेलो नाही. तू येण्याआधी या जीपचा रोग मी शोधणार म्हणजे शोधणार. मास्तर झालो तो काय उगाच नाही. वहिनींना पुन्हा नमस्कार. गुडघ्याला जपावं, आणि घरातल्या थोरांनी इकडच्या धाकट्यांवर लोभ ठेवावा.

तुझा,
सुशांत

ता. क. शाळेतलं पाकीट संपलं होतं म्हणून पत्र कपाटातच राहिलं, ते बरं झालं. रोग सापडला! दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्टूल गायब. (कोंबड्यांच्या खुराड्यात सापडलं. तिथे कसं गेलं, कोंबड्या सांगत नाहीत.) सड्यावर तर जायलाच हवं, म्हणून काकीला आर्जवं करून आणलं, आणि ती नेहमीसारखी पायरीवर उभी राहिली. मी यावेळी चावीपाशी नव्हतो, खाली वाकून बघत होतो. तिच्या पायाखाली पेटीचं झाकण दबलं आणि आत बारीकसा 'टक्' झाला. त्या दुपारी काकी देवळात गेल्यावर पेटी उघडली. टर्मिनलवरचा क्लॅम्प गच्चच होता, पण क्लॅम्पच्या पोटात शिरणारी जाड तार आतल्या आत सैल. दिवा आणि हॉर्न थोडक्यावर भागवतात, त्यांना तेवढा स्पर्श पुरतो. सेल्फ मागतो भरभक्कम करंट, तो तिथे अडायचा. झाकण दबलं की तार टेकायची आणि काही वेळ टेकलेलीच राहायची. आम्ही बाकी सगळे उजवीकडून किंवा उड्या मारून चढणारे. पायरीवर उभी राहणारी घरात एकटी काकी. दहा नंबरच्या पान्याने बोल्ट आवळला. जीप तेव्हापासून बोटाच्या इशाऱ्यावर चालू. मी अंगणात चक्क नाचलो.

ता. क. २. जीप कुणीही चालू करू लागलं, तेव्हा अनुजा सकाळीच एकटी सड्यावर निघून गेली. काकी पातळ बदलून, डब्यात भाजी-भाकरी घेऊन तयार होती. जीप वळणाआड जाईपर्यंत बघत राहिली आणि मग चिंच सोलायला बसली. दुसऱ्या दिवशी तिने पातळ बदललं नाही. मला फार वाईट वाटलं, दादा. इतकं की शाळेत माझं लक्ष लागेना. तिसऱ्या दिवशी पहाटे मी पेटी उघडली आणि तोच पाना घेऊन बोल्ट पुन्हा सैल केला. विज्ञानाच्या मास्तराने हे करावं का, हा प्रश्न तू विचारू नकोस, मीही विचारलेला नाही. अनुजाने चावी फिरवली, किट्. काकीला हाक गेली. काकी पायरीवर उभी राहिली, देवीचं नाव घेतलं, जीप लागली. सड्यावर पोचेपर्यंत तिने तीन गड्यांना दम दिला होता.

ता. क. ३. म्हणून खरं मागणं आता लिहितो. तिचं तिकीट काढलं असशील तर रद्द कर. जीप भंगारात द्यायची नाही. तू ये, आंबे खा, पण तू गाड्यांचा इंजिनिअर. आल्या आल्या बाही सरसावून ती पेटी उघडशील आणि सगळं अर्ध्या मिनिटात नीट करून ठेवशील, याचीच मला भीती वाटते. डाव्या पायरीकडे बघूसुद्धा नकोस. हे आपल्या दोघांतच राहू दे, काकीला यातलं काही माहीत नाही.

ता. क. ४. वरचं शेवटचं वाक्य चुकलं आहे. पत्र टाकायला जीपनेच देवगडला आलो, काकी शेजारी. पाकीट पाहून तिने विचारलं, देवेशाक काय लिवलंस? मी म्हटलं, हेच, हवापाणी. तशी म्हणाली, "मेल्या, त्या पेटयेर पाय देवचो लागता ता माका ठावक आसा. तुझो काका रोज सकाळी थंय लाथ मारी, मगेच चावी फिरवी. मी वट्यार बसान रोज बघलंय." मी गाडी कडेला घेतली. ती समोर बघतच पुढे म्हणाली, आणि हे तिने सांगितल्याप्रमाणे लिहितो, कारण ते तुझ्यासाठी आहे: "देवेशाक लिव. झिला, येवचा तर येव, पण येताना बोल्टाचे पाने हाडू नको."