दम आणि धास्ती

माये, तुला दमा आहे हे साऱ्या घराला माहीत होतं. तुला भीती वाटते, हे मात्र कोणालाच कळलं नाही. दारव्ह्याच्या बाजारातला तो दिवस मला अजून दिसतो. मिरचीच्या दुकानांपुढे तुझा दम अडकलाय, तू रस्त्यातच बसली आहेस, पदर सरकलाय. माणसं गोळा झालीत. कोणी म्हणतंय, "बाईले फिट आली, कांदा हुंगवा." तू नुसती माझ्याकडे बघते आहेस. त्यानंतर तू बाजाराला गेलीच नाहीस. मग लग्नाकार्यांना नाही, मग शेजारीही नाही. कोणी बोलवायला आलं की म्हणायचीस, "मले दम लागते, तुमी जा." पुढेपुढे दम लागत नसतानाही तू दारातूनच परत फिरायचीस. आत्या म्हणायची, "काम टाळ्याचे बहाणे हाय सारे."

मी बसमध्ये कंडक्टर झाले, ते बघायला तू नव्हतीस. दमा मात्र तुझाच आला. यंदा उन्हाळ्यात उमरखेडच्या भरल्या गाडीत तिकीट देता देता माझी छाती आवळली. दम्याचा पंप ओढला, सावरले. पण दुसऱ्या दिवशी डेपोच्या फाटकाशी पाऊलच उचलेना. पंप घेऊनही उतार पडेना. परत आले. मग रजेवर रजा. डेपोतून बोलावणं आलं, कामावर या नाहीतर काय ते सांगा. त्या दुपारी लेक म्हणाली, "आई, दुकानापर्यंत तरी चल." मी म्हणाले, "मले दम लागते, तू जा." आणि माये, तेव्हा दम अजिबात लागत नव्हता. माझ्या तोंडून तूच बोललीस. मी तशीच उठले आणि यवतमाळला दवाखान्यात गेले.

डॉक्टरबाईंनी छाती तपासली, मग विचारलं, "झोप लागते का? मन रमतं का कशात?" मला रडूच फुटलं. तुला हे कोणी कधी विचारलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "दमा खरा आहे आणि भीतीही खरी आहे. दोन्हींवर इलाज करू." रोजचं औषध सुरू झालं. समुपदेशन करणाऱ्या ताईंकडे जाऊ लागले. छातीतली शिट्टी कोणती आणि धास्तीची धडधड कोणती, हे हळूहळू ओळखायला शिकले. एक दुसरीला कशी चेतवते, तेही.

काल पुन्हा ड्यूटी घेतली. तीच गाडी, तशीच गर्दी. दिग्रस सुटल्यावर छातीत शिट्टी वाजू लागली. मी सगळ्यांसमोर पंप काढून ओढला. पुढच्या सीटवरची म्हातारी म्हणाली, "काहून वं बाई, दमा हाय का तुले?"

"हाव, हाय," मी म्हणाले. "जरा सरका, मांगं तिकिटं द्याची हाय."

उमरखेड आलं तेव्हा गाडीत बिनतिकिटाचं कोणी नव्हतं.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकू? राहील माझ्यापाशीच. उद्याही ड्यूटी आहे, मी जाणार आहे. फक्त तुला म्हणून सांगते. काल परतीच्या फेरीआधी मी स्टँडच्या मागे जाऊन थोडी रडले. मग तोंड धुतलं आणि गाडीत चढले.