खारवलेले हात

४ नोव्हेंबर १९८५

ज्याचा जीव घ्यायला आले, त्याच्याच घरी आज जेवले. जेवण उत्तम होतं.

बस पासो गार्सासला भर दुपारी पोचली. सगळं गाव वामकुक्षीत होतं, सावली सरकली तरी कुत्री उठत नव्हती. नदी तांबूस आणि रुंद, लहानपणी पाहिली होती तशीच. मी नदीकडे बघून हसले. बेचाळीस वर्षांनी माणूस आपल्या गावी परततो तेव्हा रडतो असं म्हणतात. मी शीळ घालत चालत गेले.

घर प्रशस्त आहे. लाल फरशीचं अंगण, भोवती संत्र्यांची झाडं. दार स्वयंपाकीण पेत्रोनाने उघडलं. तिने तोंडाआधी माझे हात पाहिले. म्हणाली, राजधानीच्या बाया नखं रंगवतात म्हणे, तुझी तर काळी आहेत. बरंय बाई, साहेब खूश होतील, त्यांना माणसापेक्षा तेलाचा वास प्यारा. मग पुचेरोचा, म्हणजे मांस-भाज्यांच्या रश्श्याचा वाडगा पुढे ठेवून बजावलं, की या घरात पातेलं रिकामं केल्याशिवाय कुणी उठत नाही, आणि उठलंच तर ती आपल्या बहिणीला सांगते, म्हणजे गावाला सांगते.

डॉन आपारिसियो इतुर्बुरु संध्याकाळी भेटले. निवृत्त पोलीस अधिकारी, वय सदुसष्ट, हात थरथरतात. म्हणून त्यांच्या रिव्हॉल्व्हरांच्या संग्रहाची निगा राखायला कारागीर हवा होता. माझा हात राजधानी माँतेविदेओत मामाच्या बंदुकांच्या दुकानात तयार झाला आणि जीभ कामगार संघाच्या सभांत. त्यांना फक्त हाताची माहिती आहे. आडनाव मी आईचं सांगितलं, सोसा. बापाचं सांगितलं असतं तर दार उघडलं नसतं.

माझा बाप फाउस्तिनो लार्रोसा. नदीकाठच्या बराकीत, कातड्यांच्या वखारीला इथे बराक म्हणतात, कातडी खारवायचा. त्रेचाळीसच्या फेब्रुवारीत संप झाला आणि धक्क्यावर पोलिसांनी सात जण मारले. त्यात तो होता. हुकूम देणारा आणि पहिली गोळी झाडणारा तरुण अधिकारी आज मला मीठ पुढे करत होता. मी घेतलं नाही.

९ नोव्हेंबर

संग्रह पाहून थक्क झाले, हे कबूल करायला हवं. बेल्जियमचे लष्करी नागां, स्पेनमधल्या एइबारच्या नकला, घोडदळाचे लांब नळीचे, पोलिसांचे कोल्ट. खोलीत कुणी उघड्या हाताने काही उचलायचं नाही, सुती हातमोजे घालायचे. दुसऱ्याच्या हाती द्यायचा तर चक्र बाहेर काढून, मूठ पुढे करून. जुना डाग घासायचा नाही, कारण डाग म्हणजे हत्याराचं वय. मामाही हेच शिकवायचा. शत्रूच्या तोंडून आपल्या गुरूचे शब्द ऐकावे लागले.

मधल्या कपाटात सात कोल्ट आहेत. डॉन आपारिसियो त्यांच्याबद्दल असं बोलतात जसं कुणी घरातल्या लेकींबद्दल बोलावं. आमच्या चौकीचे आहेत, म्हणाले. शिपाई मरत गेले तसतसे त्यांच्या विधवांकडून एकेक करून मिळवले. मी विचारलं, हे कधी चालले का? म्हणाले, एकदाच, धक्क्यावर, आणि छान चालले.

मी पहिला उचलला आणि त्याचा क्रमांक वहीत उतरवला. 

सातही कोल्ट चामडी म्यानांत आहेत हे बघून मात्र कारागीर म्हणून मला धक्का बसला. जुनं पोलादी हत्यार चामड्यात ठेवू नये, हे उमेदवार पोरालाही ठाऊक असतं. चामडं ओल धरतं, कमावताना मुरलेला खार सोडतं, आणि पोलाद खाल्लं जातं. डॉन आपारिसियोंनाही हे पक्कं ठाऊक आहे. पण यंदाच्या हिवाळ्यात, जूनमध्ये, एका लिलावात त्यांना त्याच सात कोल्टची त्याच क्रमांकांची म्यानं मिळाली. चाळीस वर्षांनी संच पुरा झाला, मग मोह कसा आवरणार, असं म्हणाले. त्या वेळची म्यानं इथल्याच बराकीत खारवलेल्या कातड्याची असायची. हेही त्यांनी कौतुकाने सांगितलं.

सगळे बाहेर काढले. गंज चढलेला आहेच.

१३ नोव्हेंबर

चामड्याचा गंज सबंध पृष्ठभागावर पसरतो. हा तसा नाही. हा बोटांचा आहे. नळीवर चार, मुठीमागे अंगठा, रेषांसकट. पुसून, तेलाचा हात फिरवून ठेवलं की दुसऱ्या दिवशी वामकुक्षीनंतर पुन्हा येतो.

काही माणसांचा घाम इतका खारट असतो की पोलादाला हात लावला तर तासाभरात ठसा गंजतो. असा माणूस मामा दुकानात ठेवायचा नाही. पेत्रोना म्हणाली, बराकीतले सगळे तसेच होते. तिच्या बापाला आई सुई उचलू द्यायची नाही, म्हणायची तू देवाला हात लावलास तर तोही गंजेल. आम्ही दोघी हसलो. माझी आईसुद्धा बापापासून कात्री लपवायची.

संध्याकाळी चौथा कोल्ट उजेडात धरला. नळीवर तीनच बोटं. मधल्याच्या जागी फक्त खुंटाचा गोल डाग.

बापाचं मधलं बोट कातड्यांच्या दाबयंत्राने नेलं होतं. तो मला उचलायचा तेव्हा बरगडीला तो खुंट लागायचा. मी हातमोजा काढला आणि त्या डागावर माझी बोटं ठेवली.

ओल होती.

१६ नोव्हेंबर

त्याला पहिल्यापासून ठाऊक होतं. आता मी त्याला मानाने डॉन म्हणणार नाही.

माते हा इथला कडू चहा पिता पिता सहज म्हणाला, लार्रोसाचा जबडा आहे तुझा, मुली, आडनाव बदलून जबडा बदलत नाही. मामाच्या एका गिऱ्हाइकाकडून त्याने मला मुद्दाम शोधून काढलं होतं. ऑगस्टमध्ये, म्यानं आल्यावर दोनच महिन्यांनी, त्याचा जुना हवालदार बाल्दोमेरो दुपारी झोपला तो उठलाच नाही. कातड्यासारखा वाळलेला, तोंडात जाडं मीठ. धक्क्यावर गोळी चालवणाऱ्यांपैकी आता हा एकटाच उरला आहे. मग याने हिशेब केला, की फाउस्तिनो लार्रोसा आपल्या लेकीला ओलांडून आपल्या पलंगापर्यंत येणार नाही. पोलादावर तेल आणि घरात तुझा श्वास आहे तोवर ते सातही जण हत्यारांपाशीच थांबतात, म्हणाला. बाईसाहेब, तुम्ही मला तेलापेक्षा जास्त उपयोगाच्या आहात.

मी विचारलं, हत्यारं नदीत का बुडवली नाहीत? मी जणू लेकरं बुडवायला सांगितली, असा तो माझ्याकडे बघत राहिला. संच फोडायचा? एवढंच म्हणाला.

पश्चात्ताप आहे का, हेही विचारलं. म्हणाला, संप त्यांनी केला होता, मी नाही.

१८ नोव्हेंबर

झोप नाही. मला त्याने बुजगावणं केलं. खुन्याच्या शेतात खून झालेल्याची मुलगी उभी केली, तिच्या बापालाच घाबरवायला. सत्तेचा निर्लज्जपणा मी पुष्कळ पाहिला आहे, त्याच्याविरुद्ध आवाज बसेपर्यंत बोलले आहे, पण ही चाल मला नवी होती. ते आपल्याला मारून थांबत नाहीत. आपल्या प्रेमाचीही भिंत बांधतात आणि तिच्यामागे दुपारची झोप घेतात.

न्यायालयाने त्या सातांना दंगलखोर ठरवलं. पाद्र्याने क्षमा करा म्हणून सांगितलं. क्षमा मागायला आलेल्याला करतात. पाय पसरून बसलेल्याला केलेली क्षमा म्हणजे दुसऱ्या खुनाचा परवाना. मी सभांमधून गर्जून सांगायचे की अन्यायाचं झाड तोडून भागत नाही, बी सुद्धा वेचावं लागतं. आज पहिल्यांदा माझ्या शब्दांना हात मिळाले आहेत.

येताना सहा गोळ्या आणल्या होत्या. त्यांची गरज नाही.

१९ नोव्हेंबर

जेवणानंतर सातही कोल्टवरचं तेल कोरड्या फडक्याने पुसलं. थेंबही ठेवला नाही. मग एकेक ज्याच्या त्याच्या म्यानात सरकवला. चामडं मऊ होतं, कुणीतरी हाताळत असल्यासारखं.

तो झोपायला गेला. मी पेत्रोनाला बाजारात चल म्हणाले आणि घराबाहेर पडले. माझा श्वास सोबत नेला.

२० नोव्हेंबर

झालं.

पलंगावर पाठीवर पडलेला होता. कातडी हाडांना चिकटलेली, पिवळी. जबडा उघडा आणि त्यात काठोकाठ जाडं मीठ. डॉक्टरांनी हृदयविकार लिहिला. मिठाकडे बघून खाकरले आणि खिडकी उघडायला सांगितली. पेत्रोनाने छातीवर क्रूसाची खूण केली आणि पुटपुटली, नीट खारवला गं, माशी बसणार नाही.

मी पुचेरोचे दोन वाडगे खाल्ले. लाज वाटली नाही. बाबा, लाज वाटली नाही.

२२ नोव्हेंबर

दफन आटोपलं. गावातले मोजकेच लोक आले आणि लगेच गेले. त्याची मुलगी मिर्ता बार्सेलोनात दात दुरुस्त करते. तिचा फोन आला होता. घर आवरायला तीस तारखेला येते म्हणाली. बापाशी पंधरा वर्षं बोलत नव्हती. धक्क्यावरची हकिगत कळली त्या दिवशी घर सोडलं. फोनवर अडखळत म्हणाली, तुम्ही त्या माणसाला शेवटपर्यंत सोसलंत, तुमचे उपकार कसे फेडू, एल्विराबाई.

सांभाळून या म्हणाले आणि फोन ठेवला.

२४ नोव्हेंबर

काम संपलं, तरी ठसे येतात.

सहा म्यानं भरलेली, चौथं रिकामं. तो कोल्ट माझ्या कपड्यांच्या खणात सापडला, झग्यांच्या घडीत. तेल लावलं तर पोलादावर थेंब होऊन ओघळतं. धरत नाही.

बाबा लेकीला भेटायला आले, अशी समजूत घातली मनाची.

२५ नोव्हेंबर

वामकुक्षीच्या वेळी अंगणात खारट कातड्याचा दर्प. संत्र्यांखाली कोणी दिसत नाही, पण फरशी सात जागी ओली आहे आणि उन्हाने वाळत नाही.

मी ओसरीत उभी राहिले आणि सभेत बोलावं तशी बोलले. साथींनो, देणं फिटलं, म्हणाले. तो वाळून मातीत गेला. आता आपापल्या घरी जा. हजारोंना उठवून उभं करणारी मी. सात जणांना परत पाठवता आलं नाही.

आत आले तर भिंतीवरच्या मिर्ताच्या फोटोची लोखंडी चौकट गंजलेली. दोन्ही बाजूंनी धरल्यासारखी. एका बाजूला तीन बोटं.

बी सुद्धा वेचावं लागतं. त्यांनी ऐकलं होतं.

२७ नोव्हेंबर

कोल्ट नदीत फेकला. परत आले तर टेबलावर कोरडा. चक्रात सहा गोळ्या, मी आणलेल्या.

बस-थांब्यावर गेले. पिशवी जड झाली. उघडून पाहिली नाही, पाहायची गरज नव्हती. शहरात हे हत्यार घेऊन जायचं, गर्दीत? परतले.

बार्सेलोनाला फोन केला. कुणी उचलत नाही. मैत्रिणीकडे गेली असेल, किंवा निघाली असेल—

पेत्रोनाला म्हणाले, मिर्ता आली तर दारातूनच परत पाठव. ती म्हणाली, तिच्याच घरातून तिला हाकलू? ऊन लागलंय तुला बाई, लिंबूपाणी घे.

२८ नोव्हेंबर

आता कळतंय. ज्याने गोळी झाडली त्याच्यापर्यंत ते स्वतः पोचले. मुलीने त्यांना काहीच केलेलं नाही, म्हणून तिच्यापर्यंत त्यांचे हात पोचत नाहीत. मधे जिवंत हात हवा. ज्याने तेल पुसलं तो.

सकाळी सुई उचलली. तासाभरात गंजली.

पेत्रोना बहिणीकडे गेली. म्हणाली, तुझ्या अंगाला बराकीचा वास येतोय.

२९ नोव्हेंबर

उजव्या हाताचं मधलं बोट आहे. दिसतं. पण लागत नाही. चिमटा काढला तरी—

आवाज बसलाय. पाणी प्यायले, तेही खारट. हाक मारून पाहिली. ओठ हलतात.

बाबा, ती निर्दोष आहे. तिने तुमच्यासाठी बाप सोडला. ऐका ना—

बरगडीला खुंट टेकला. हळूच. लहानपणी टेकायचा तसा.

३० नोव्हेंबर

दुपार. ती आली. फाटकाची कडी वाजली. हाक मारतेय, एल्विराबाई, दार उघडंच कसं, मी तुमच्यासाठी बार्सेलोनाची मिठाई आणलीय.

ओरडता येत नाही. घसा मिठाने

दार लावायला उठले तर हात खणाकडे गेला. पेन धरलं तेव्हा परत आला. म्हणून लिहितेय. लिहीत राहिले की हात इथे राहतो. काहीही लिहायचं. मिर्ता परत जा. मिर्ता परत जा. मी चुकीचं बोलले होते, साथींनो, बी वेचायचं नसतं, मी तेव्हा टाळ्यांसाठी

अंगणात पावलं. फरशी ओली आहे म्हणतेय. हसतेय.

मिर्ता परत जा मिर्ता परत जा बोटं सैल होताहेत, डाव्या हाताने दाबून धरलंय, परत जा, बाबा थोडं थांबा, अजून एक ओळ, एकच, मिर्ता पर