भेदभावाच्या तासाला मी पाहुणी

३ ऑक्टोबर
शाळेतून एमेशेबाई आल्या. येत्या गुरुवारी पाचवीला भेदभावावर तास आहे, आजी, तुम्ही येऊन बोला म्हणाल्या. गावात आम्ही रोमा, लोकांच्या भाषेत जिप्सी, ढीगभर, पण बोलायला मीच. बरोबरच आहे. आमच्या घरात तीन पिढ्या व्हायोलिन. बाई आमच्यातली नाही, हंगेरियन मग्यार, तरी तिला माणसाची पारख आहे. ठरवलं, दहा मिनिटांत सगळा वर्ग रडवायचा.

४ ऑक्टोबर, सकाळ
भाषण वहीत उतरवायला बसले. एक ओळ झाली. बोटं दुखली. बाकीचं तोंडात आहेच.

६ ऑक्टोबर
नात रेनाता त्याच पाचवीत. सांगते, तिच्या शेजारी बाकावर इबोया बसते. काठवटी कोरणाऱ्यांची पोर. तेही रोमाच, असं सरकार म्हणतं. सरकारला काय कळतंय. रेनाताला म्हटलं, सरकून बस. तर म्हणे, आजी, मला गणितं तीच समजावते. लेक व्हिएन्नात कामाला, पोरीला वळण मलाच लावायला हवं.

७ ऑक्टोबर
शाळेत गेले. एमेशेबाईंना म्हटलं, रेनाताचा बाक बदला. का, म्हणाल्या. पोरीला लांबचं दिसत नाही. ती पहिल्याच बाकावर आहे, म्हणाल्या. मग जवळचं दिसत नसेल, म्हटलं. बाईंनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं, पण इबोयाला मागे पाठवलं. हा भेदभाव नाही. टापटिपीचा प्रश्न आहे.
रात्री रेनाता जेवली नाही. वयच हट्टाचं.

९ ऑक्टोबर, गुरुवार
तास झाला. सांगितलं, मी सहा वर्षांची असताना शेजारी मग्यारांची युडित बसायची. तिची आई शाळेत आली, माझ्या पोरीला उवा होतील म्हणाली, आणि मला उचलून शेवटच्या बाकावर टाकलं. वर्गातल्या दोघी रडल्या. काय बोलले मी.
बाईंनी विचारलं, अशा बाईला काय म्हणायचं? एक म्हणाला, दुष्ट. दुसरी म्हणाली, अडाणी. मी मान डोलावत होते. रेनातानं हात वर केला. आजी म्हणायचं, म्हणाली.
चहाला थांबले नाही. घोटभर रंगीत पाणी असतं नुसतं.

१० ऑक्टोबर, संध्याकाळ
बाईंचा निरोप आला. रेनाता आपणहून शेवटच्या बाकावर जाऊन बसली. आता चांगला दम भरायचं ठरवलंय. पण ती घरी आलीच नाही. इबोयाकडे जेवतेय, म्हणे.
आणायला जायचं तर त्यांचं दार वाजवावं लागेल. कोट घातला. काढला. परत घातलाय.