अकरा सोलो आणि मारोतरावांचा ट्रॅक्टर

९ ऑक्टोबर
आवडत्या गिटार सोलोंची यादी पूर्ण. एकूण अकरा. पहिला नंबर कुणाला द्यायचा, हे ठरवायला चार महिने गेले. 'डिस्टॉर्शन'चं शुद्धलेखन दोनदा तपासलं.

१० ऑक्टोबर, सकाळी ११
सानगडीची उर्वशी साकोलीला आमच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात आली. मी एक मोबाइल उघडून बसलो होतो, स्क्रू सांडले. तिने बाबांच्या ट्रॅक्टरचा पेन ड्राइव्ह दिला. म्हणाली, चांगली गाणी भरून दे. 'चांगली'वर जोर होता. मी अकराही सोलो भरले. बाकीचं गाणं कापून टाकलं. मध्ये गाणारा आला की लक्ष विचलित होतं.

१३ ऑक्टोबर
तिचे बाबा, मारोतराव, सानगडीहून स्वतः आले. म्हणाले, "हे काय भरलं बे? मांजरीच्या शेपटीवर पाय देल्यावानी आवाज येते. गाणं कुठं हाय?" म्हणजे लक्ष देऊन ऐकलं. मालक राजकुमारभाऊ म्हणाले, अजून एक गिऱ्हाईक असं आलं तर तुलेच बाहेर काढतो. विनोद असावा.

१४ ऑक्टोबर
उर्वशी पेन ड्राइव्ह घेऊन परत. आता बाबाच्या पसंतीची भर, म्हणाली. जुनं पुसू का, विचारलं. "काहून? राहू दे ना." ती असं बोलली!
संकल्प: १. गिटार घेणे. २. शिकणे. ३. तिला कोणता सोलो आवडला, हे विचारणे. तिसरा आधी.

२१ ऑक्टोबर
विचारलं नाही. दुकानात गर्दी होती. दोन माणसं.

२४ ऑक्टोबर
आज गर्दी नव्हती. पण असं एकदम विचारणं बरं दिसत नाही.

२६ ऑक्टोबर
तिची आई, कुंताबाई, बाजारात भेटल्या. म्हणाल्या, "मंडईले येजो बरं घरी. पाहुणे हायेत." दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेतच आमच्याकडे निम्मी लग्नं जुळतात. मुलाला घरी बोलावतात, पोहे देतात, प्रश्न विचारतात. आईला सांगितलं. ती म्हणाली, मंडईले अख्ख्या गावाले बोलावतेत रे. आईला बारीक गोष्टी कळत नाहीत. बायोडाटा टाइप केला. शिक्षण: बारावी (प्रयत्न चालू). छंद: गिटार सोलो (श्रवण).

२९ ऑक्टोबर, दुपारी १
मंडई. पांढरा शर्ट, इस्त्री. बायोडाटाच्या दोन प्रती.

२९ ऑक्टोबर, संध्याकाळी ७
मारोतराव दारातच म्हणाले, "बरं झालं आला. पाहुणे येऊन राहिले. धर हा ट्रे." वाटलं, परीक्षा घेत असतील. पाहुणे म्हणजे गोंदियाचा मुलगा, त्याचे आईवडील आणि मामा. चौघांना मी पोहे दिले. मुलाला वरून लिंबूही पिळून दिलं.
उर्वशी साडीत आली, बसली. मुलाने विचारलं, गाणी कोणती आवडतात. ती खाली पाहत म्हणाली, "गाणी नाही. गिटार. बाबाच्या ट्रॅक्टरवर एक वाजते, त्यात तो शेवटचा सूर सोडतच नाही. मले रडूच येते."
मुलगा पुढे सरकून बसला. त्यालाही गिटार आवडते. मग तो विचारत राहिला, ती सांगत राहिली. इतकं बोलताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं.
ती म्हणत होती तो नंबर सात. मी रिकाम्या बश्या उचलल्या.
मामा म्हणाले, जमलं. कुंताबाईंनी पेढ्यांचा डबा माझ्या हातात दिला. सगळ्यांना वाटले. एक उरला. त्या म्हणाल्या, खा ना रे, तूही खा.
खाल्ला.